नववीला ११२, दहावीला ८४, मग गळती नेमकी किती?

शिरपूर तालुक्यातल्या एका हायस्कूलचे नवीन मुख्याध्यापक विचारतात की त्यांच्या शाळेत नववीच्या पटावर ११२ पोरं होती, पुढच्या वर्षी दहावीला ८४ बसली, त्यातली मार्चमध्ये ७१ पास झाली. संस्थेचे अध्यक्ष म्हणतात निकाल ८४.५ टक्के, पेढे मागवा. एका सामाजिक संस्थेची ताई सर्व्हे करून गेली, ती म्हणते गळती २५ टक्के. हेडक्लार्कने शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवरची यादी काढली तर गळती येते ५.४ टक्के. सरांचा प्रश्न साधाच आहे, यातला खरा कोणता आणि वर कळवायचा कोणता.

सर, पहिलं म्हणजे तिघांपैकी कोणीच खोटं बोलत नाहीये. मी तालुक्याच्या ऑफिसात शाळांच्या आकडेवारीत १७ वर्षं काढली, शाळेच्या माहितीच्या कागदी डायस फॉर्मवर खाडाखोड करण्यापासून ते आताच्या यू-डायस प्लस पोर्टलपर्यंत, आणि माझा अनुभव असा की भागाकार सगळ्यांचाच बरोबर असतो, मारामारी असते ती छेदाची. खाली कोणाला धरलं, कोणाला सोडलं, कोणत्या तारखेला धरलं, एवढं विचारलं की अर्धं भांडण तिथेच मिटतं.

आधी निकाल बघू. मंडळाच्या पत्रकात नोंदणी झालेले, प्रविष्ट झालेले आणि उत्तीर्ण असे रकाने असतात आणि टक्केवारी निघते प्रविष्टांवर. म्हणजे हॉलतिकीट निघूनही पेपरला न आलेलं पोरगं त्यात नाही, तर नववीतच दप्तर टाकलेलं कुठून असणार. आपल्या नाशिक विभागाचा, म्हणजे नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबारचा आकडा पेपरात आला की गावोगाव बॅनर लागतात, लागू द्या, पोरांनी मेहनत केलेली असते. पण तो हिशोब परीक्षेपर्यंत पोचलेल्यांचा. उलट मधेच जितकी जास्त पोरं गाळाल तितका निकाल चढतो ही खरी गंमत आहे. एका शाळेत, नाव घेत नाही, दिवाळीनंतर नववीतल्या कच्च्या पोरांच्या पालकांना बोलावून गोड बोलून दाखला हातात द्यायचे, "बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा, सोपं जातं" म्हणून. त्या शाळेचा निकाल मी होतो तोवर चार वर्षं सलग शंभर टक्के होता, आणि सत्कारालाही मी हजर होतो, काय सांगू.

आता २५ टक्केवाली ताई. तिने ११२ मधून ८४ वजा केले, २८ राहिले, त्याला ११२ ने भागलं. पण हे ८४ त्या ११२ मधलेच आहेत हे कोणी सांगितलं? शिरपूरहून एस्टी ५० माणसं घेऊन निघाली आणि धुळ्याला ४० उतरली म्हणून १० गायब झाली असं आपण म्हणत नाही, मधे नरडाण्याला काही उतरली असतील, सोनगीरला काही चढली असतील. दोन वर्षांच्या दोन गर्द्या मोजून वजाबाकी केली की आकडा येतो, तो मोठाही येऊ शकतो आणि छोटाही. एका गावाला तर मी उणे गळती बघितलीय, शेजारच्या गावातली शाळा बंद पडली आणि तिकडची सगळी पोरं इकडे आली, तर फॉर्म्युल्यातून उत्तर उणे ११ टक्के. ऑफिसात सगळे हसलो आणि मग साहेबांनी तिथे शून्य टाकायला सांगितलं!

पोर्टलच्या आकड्याकडे वळतो, पण त्याआधी फोड बघावी लागेल. मी सरांना म्हटलं होतं की आकडे नको, नावं बघा. त्यांनी दोन संध्याकाळी बसून जनरल रजिस्टर आणि दोन्ही वर्षांचे हजेरीपट समोरासमोर लावले, हे काम कोणी करत नाही म्हणून त्यांचं कौतुक, आणि त्यातून निघालं ते असं.

११२ मधले ९ जण आदल्या वर्षी नववीतच नापास होऊन बसलेले. ते मागच्या बॅचचे, त्यांचा हिशोब त्या बॅचमध्ये लागायचा, म्हणून बाजूला काढले, राहिले १०३. पुढच्या दोन वर्षांत बाहेरच्या शाळांतून ६ जण येऊन दाखल झाले, आले ते आपले, १०९ झाले. दुसऱ्या शाळेत खरोखर बसतात अशी खात्री झालेले ९ वजा. एक पोरगं त्या पावसाळ्यात वारलं, तेही वजा, त्याला गळतीत धरत नसतात. राहिले ९९. हा आपला छेद, ११२ नाही आणि ८४ पण नाही.

आता वरचा आकडा. दहावीला बसलेल्या ८४ मधले ५ त्या जुन्या ९ जणांपैकी, म्हणजे आपल्या बॅचचे ७९. पास झालेल्या ७१ मधले ३ जुने, म्हणजे आपले ६८. वेळेत दहावी काढलेले ९९ पैकी ६८, म्हणजे ६८.७ टक्के. जुलैच्या पुरवणी परीक्षेत आणखी ६ निघाले, ७४ झाले, ७४.७ टक्के. राहिलेल्या २५ मध्ये ५ जण जुलैतही अडकले (त्यातले दोघं एटीकेटीवर अकरावीत बसतात), ७ जण नववीत परत बसले आणि एक वर्ष मागे चालतायत पण शाळेत आहेत, ५ जणांनी दाखला नेला आणि पुढे पत्ता नाही, आणि ८ जणांची नावं शेवटपर्यंत पटावर होती पण वर्गशिक्षकच सांगतात की नववीच्या दिवाळीनंतर त्यांचं तोंड दिसलेलं नाही.

आता पोर्टलचे ५.४ कुठून आले बघा. दाखला काढला की पोरगं पोर्टलच्या ड्रॉपबॉक्स नावाच्या यादीत जातं आणि नवीन शाळेने ओढून घेईपर्यंत तिथेच पडून राहतं. हे पत्ता नसलेले ५ आणि जुन्या ९ जणांपैकी दाखला नेलेला एक, असे ६ तिथे पडलेत, ६ भागिले ११२. पण पटावरचे ते ८ जण? त्यांना तर तुमच्याच शाळेच्या लॉगिनमधून नववीतून दहावीत प्रमोट केलंय, त्यामुळे पोर्टलच्या दृष्टीने ते रोज शाळेत येतात. पोर्टल खोटं नाहीये, त्याला जे भरवलं ते त्याने दाखवलं. आधी नुसते वर्गवार आकडे जायचे, २०२२-२३ पासून एकेका मुलाची नोंद जायला लागली, आणि हा फार मोठा फरक आहे, पण नोंद भरणारा हात तोच आहे.

तर गळती किती म्हणाल तर ८ नक्की आणि ५ अंधारात, म्हणजे ९९ वर ८.१ ते १३.१ टक्के. मी असतो तर १३.१ लिहिला असता आणि बाजूला लिहिलं असतं की यातले ५ जण शोधायचे आहेत. बरेच जण उलटं करतात, पत्ता नसलेल्याला "स्थलांतरित" म्हणून छेदातूनच काढून टाकतात. ही एक सवय मोडली तरी तालुक्याचे अर्धे आकडे सरळ होतील असं माझं मत आहे. दाखला नेला म्हणजे पोरगं दुसऱ्या शाळेत गेलं असं होत नाही, दाखला लग्नाच्या आधी मुलीच्या वयाच्या पुराव्याला लागतो, जातीच्या दाखल्याला लागतो, कोणी सुरतेला कामाला जाताना असू द्यावा म्हणूनही नेतो. रजिस्टरमध्ये शाळा सोडण्याच्या कारणात मात्र एकच वाक्य, "पालकांच्या विनंतीवरून", लाल शाईने, सगळ्यांना सारखं. एका रजिस्टरच्या एका पानावर मी ते खाली खाली अकरा वेळा बघितलं, वरच्या ओळीखाली नुसती दोन टिंबं दिलेली. त्या अकरांत सात मुली होत्या.

हा घोळ आपल्याकडचाच आहे असं समजू नका. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा फॉर्म्युला वेगळा होता, कोणी बारावीच्या सुरुवातीला किती होते त्यावर भागायचे, तर कोणी गळालेल्यांना दुसरंच काहीतरी नाव द्यायचे. ह्यूस्टनमध्ये शाळांची गळती दीड टक्का वगैरे सांगून वाहवा मिळाली होती, २००३ मध्ये तपासणी झाली तर शाळा बदलली म्हणून दाखवलेली हजारो पोरं प्रत्यक्षात गळालेली निघाली. शेवटी २००८ मध्ये तिथल्या केंद्राच्या शिक्षण खात्याने सगळ्यांना एक नियम लावला आणि २०१०-११ पासून राज्यं त्याने आकडे द्यायला लागली. नियम मी वर वापरला तोच, पहिल्यांदा नववीत आलेले धरा, आलेले मिळवा, गेलेले वजा करा, आणि चार वर्षांत बारावी करून किती निघाले ते बघा. त्यांची हायस्कूल नववी ते बारावी म्हणून चार वर्षं, आपण नववी-दहावीला दोन धरू. पण मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे, गेलेला वजा करायचा तर नवीन शाळेचा लेखी पुरावा पाहिजे, नाहीतर तो तुमच्याच छेदात राहतो. नुसत्या शिक्षकाच्या आठवणीवर कोणी वजा होत नाही.

आता जिथे "परिस्थितीवर अवलंबून" म्हणावं लागतं तिथे येतो, आणि आपल्या भागात ते बरंच आहे. साक्री, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, तुमच्या शिरपूरचा वरचा पट्टा, इथले कुटुंबंच्या कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, बारडोली, नवसारीकडे. ३० सप्टेंबरला पट मोजला तर वर्ग भरलेला, जानेवारीत मोजला तर मागचे बाक रिकामे. दोन्ही मोजण्या खऱ्या. मी नवीन असताना साक्री तालुक्यात एका गावाला जानेवारीत गेलो होतो, यादीत ९ नावं गैरहजर, घरोघर फिरलो तर सहा घरांना कुलूप, कडीला बांधलेली सुतळी. शेजारची म्हातारी ओट्यावर मिरच्या निवडत होती, ती म्हणे, "त्या ते ऊस तोडाले गयात, होळीले येतीन." मी ऑफिसात येऊन सहाही जणांना शाळाबाह्य लिहून टाकलं, फार मोठं काम केलं असं वाटलं. होळीनंतर सहज परत गेलो तर सहापैकी चार वर्गात बसलेले, एकाच्या हाताला पाचटाने कापल्याचे वण. उरलेल्या दोघांतला एक बारडोलीकडेच ट्रॅक्टरवर लागला, आणि एक मुलगी, तिचं अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लग्न झालं. जानेवारीत सहाही नावं सारखीच दिसत होती. तेव्हापासून मी एका तारखेच्या मोजणीवरून कोणालाच गळालेला म्हणत नाही, सप्टेंबरअखेर, जानेवारीअखेर आणि होळीनंतरचा पहिला आठवडा अशा तीन तारखा ठेवतो, आणि तिन्हीला नसेल तरच.

हंगामी वसतिगृह किंवा शिक्षण हमी कार्ड असेल तर गोष्ट वेगळी, कार्ड घेऊन गेलेलं पोरगं तिकडच्या शाळेत बसलं असेल तर ते गळालेलं नाही. पण कार्ड दिलं म्हणजे बसलं असं पण नाही, ते परत आल्यावर तिकडच्या नोंदी आहेत का बघायचं. सुरतेकडे लिंबायत, उधन्याला आपली अख्खी गावं आहेत, तिथल्या शाळेत गेलेली पोरं आधी आपल्याकडे कायमची हरवायची कारण राज्याच्या सरल पोर्टलवरचा पोराचा नंबर महाराष्ट्रापुरता होता. आता पेन (पर्मनंट एज्युकेशन नंबर) देशभर एकच असल्याने सापडू शकतात, नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळली तर. इथे "वसावे" तिकडे "वसावा" झालं की पोर्टलला ती दोन पोरं वाटतात, एक गळालेलं आणि एक नवीन आलेलं.

दुसरी गोष्ट, पट फुगलेला असेल तर सगळाच हिशोब वाकडा. कारण आपल्या सगळ्यांना माहितीये, पट घसरला की तुकडी जाते, संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, एखादे सर अतिरिक्त ठरतात, मग न येणाऱ्या पोरांची नावं काढायला कोणाचा हात धजत नाही. ते ८ जण त्यामुळेच पटावर राहिले असणार, मी दोष देत नाही. पण २०११ ची पटपडताळणी आठवा, ३ ते ५ ऑक्टोबर, पोरांच्या बोटाला शाई लावून मोजलं होतं, आणि राज्यभरात पटावर असलेली सुमारे २० लाख पोरं वर्गात सापडली नाहीत. त्याच्यानंतर पट खाली आला, आणि कोणी नुसती आधीच्या आणि नंतरच्या वर्षाची वजाबाकी केली तर त्याला महाराष्ट्रात एका वर्षात भयंकर गळती झाली असं दिसेल. त्यातली किती पोरं मुळात नव्हतीच! म्हणजे फुगलेला पट आज गळती लपवतो आणि साफ केला त्या वर्षी खोटी गळती दाखवतो. तुम्ही ही नावं कमी कराल त्या वर्षी तुमचा आकडा वाईट दिसणार आहे, गटशिक्षणाधिकाऱ्यांना ते आधीच जाऊन सांगा, नंतर खुलासा देत बसण्यापेक्षा.

तिसरी गोष्ट तुमच्या हातातली नाही पण सांगतो. नववीपासून मोजलं की आठवी ते नववीतली गळती दिसतच नाही. जिल्हा परिषदेची शाळा कुठे चौथीला संपते, कुठे सातवीला, कुठे आठवीला, आणि हायस्कूल पाच-सात किलोमीटरवर. आठवीच्या गुरुजींनी दाखला दिला, त्यांचं काम संपलं. हायस्कूलवाल्यांना ते पोरगं माहितीच नाही, कारण ते आलंच नाही. एप्रिल ते जूनच्या मधे, शाळा बंद असताना ते गळतं. शाळा आपापला आकडा काढतात तेव्हा दोन्ही शाळांची गळती शून्य येऊ शकते आणि मधल्या मधे दहा पोरं गेलेली असतात. म्हणून तालुक्याचा आकडा काढायचा असेल तर आठवीच्या नावांपासून सुरुवात करायची, एका हायस्कूलला नववीपासून चालेल. तुम्ही एवढं करा की तुमच्याकडे येणाऱ्या चार-पाच गावांच्या आठवीच्या याद्या जूनमध्ये मागवा आणि कोण आलं नाही त्यावर टिकमार्क करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

सतरा नंबरवाल्यांचं काय, असं तुम्ही शेवटी विचारलंय. माझ्या मते बाहेरून बसून पास झाला तर त्याने दहावी केली, मान्य करा, पण वेगळ्या रकान्यात. शाळेने ठेवून घेऊन पास केलं आणि शाळेने बाहेर काढल्यावर त्याचा तो पास झाला, या दोन गोष्टी एका बेरजेत गेल्या की वरच्या त्या शंभर टक्केवाल्या शाळेला आणखी एक हार मिळतो. यावर सगळ्यांचं एकमत नाही, काही जण सरळ बेरीज करतात.

आणि एक, तुमची बॅच ९९ ची आहे म्हणजे एक पोरगं जवळपास एक टक्का. पुढच्या वर्षी १३ चे १० झाले म्हणून संस्थेच्या मीटिंगमध्ये "गळतीत घट" असं लिहू नका, तीन वर्षांची नावं एकत्र करून बघा. तसंच मुलं-मुली वेगळे काढा, आणि गाव किंवा पाड्यानुसार वेगळे काढा, बघा काय दिसतं ते, बऱ्याचदा १३ पैकी ८-९ एकाच पाड्याचे निघतात आणि कारण तिकडे जाणारी बस बंद झाली एवढंच असतं.

वर काय कळवायचं तर पोर्टलला पोर्टल मागतं तेच द्या, पण खरी नोंद द्या. अध्यक्षांना निकाल ८४.५ सांगा आणि त्याच कागदावर खाली ९९ पैकी ७४ लिहा. एक्सेल येत असेल तर एक्सेल नाहीतर दोनशे पानी वही, प्रत्येक नावासमोर पाचच खाने, दहावी झाली, अजून शिकतोय, दुसऱ्या शाळेत (तिथला यू-डायस कोड लिहायचा, ११ आकडी, कोड नाही तर हा खाना भरायचा नाही), शाळा सुटली, माहीत नाही. "माहीत नाही" हा खाना लाजेने रिकामा ठेवू नका.

ते ५ आणि ८ मिळून १३ नावं आहेत, त्यांच्या घरी होळीनंतरच जा, त्याआधी कुलुपं मिळतील. बाजाराच्या दिवशी नको, सकाळी आठच्या आत. एकटे जाऊ नका आणि हजेरीपट हातात घेऊनही जाऊ नका, लोक सरकारी माणूस समजून पोरगं मामाकडे शिकतंय म्हणून सांगतात. त्याच पाड्यावरचं तुमच्या दहावीतलं एखादं पोरगं गाडीवर मागे बसवून न्या, कोण कुठे आहे ते त्याला सगळं माहीत असतं.